आवारातले झाड, शिवारातले झाड

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आपल्या वसाहतीतला भूखंड पंचाण्णव वर्षांच्या पट्ट्याने कारखानदाराच्या हवाली करते, तेव्हा त्या दस्तात भाडे, पाणीपट्टी, सांडपाण्याची व्यवस्था, बांधकामाची सीमारेषा इत्यादी रुक्ष शर्तींच्या दाटीत एक शर्त झाडांचीही असते. पट्टेदाराने एक वर्षाच्या आत, स्वखर्चाने, इमारतीभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेत दर दोनशे चौरस मीटरमागे निदान एक आणि रस्त्याच्या बाजूस दर पंधरा मीटरवर एक याप्रमाणे झाडे लावावीत, व पट्ट्याची मुदत सरेपर्यंत ती सुस्थितीत राखावीत, असा तिचा आशय. यंत्रांचे हप्ते आणि विजेची जोडणी यांच्या विवंचनेत असलेला गृहस्थ सही करण्यापूर्वी हे कलम कितपत लक्षपूर्वक वाचीत असेल, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. परंतु वाचले तर त्याच्या ध्यानी यावे की, आपण कारखान्याच्या आयुष्याहून कितीतरी लांब मुदतीचे वचन देत आहोत. पंचाण्णव वर्षे चालणारे यंत्र नाही, आणि पंचाण्णव वर्षे एकाच घराण्याच्या हाती राहिलेला कारखानाही आपल्या मुलखात विरळाच. तेवढी वर्षे सहज उभी राहते ती चिंच किंवा तो वड, आणि तोही पहिली तीन-चार वर्षे त्याला कोणी पाणी घातले असेल तर.

पाणी घालणारा कोण, हा प्रश्न कोकणात विचारण्याचे कारण पडत नाही. बीड जिल्ह्यात तो पहिला प्रश्न ठरतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा प्रदेश. बालाघाटाच्या रांगेने त्याचे दोन भाग पाडलेले: वर पाटोदा, केज, अंबाजोगाईकडचे मुरमाड, खडकाळ पठार, आणि खाली गेवराई-माजलगावकडची गोदाकाठची काळी जमीन. पाऊस वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आतच, आणि तोही पंक्तिप्रपंच करणारा. एका मंडळात नाले भरून वाहावेत आणि शेजारच्या मंडळात पेरणी मोडावी, हे येथे नवलाचे नाही. दहा हजार सहाशे चौरस किलोमीटरहून अधिक विस्ताराच्या या जिल्ह्यात वनाच्छादन शेकडा दोनच्या आसपास भरते. १९५२च्या आणि पुन्हा १९८८च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या भूमीचा तिसरा हिस्सा वनाखाली असावा असे जे उद्दिष्ट लिहून ठेवले, ते बीडच्या संदर्भात वाचले म्हणजे वाचणाऱ्यास अंमळ हसूच येते. यास्तव मुंबई-ठाण्याकडे उभे रान तोडून इमारत बांधावी की न बांधावी असा जो वाद पेटतो, तो या जिल्ह्यात बहुशः नाही. येथे कारखाना उजाड माळावर उभा राहतो आणि झाड मागाहून आणावयाचे असते. जे पूर्वी नव्हते ते निर्माण करून जगविण्याची जबाबदारी कायद्याने कारखान्याच्या माथी टाकलेली आहे, आणि ती पार का पडत नाही याचे उत्तर मला या मुलखातील उद्योगांच्या जुन्या इतिहासात सापडते.

बीड शहराची ख्याती एके काळी दोन जिनसांसाठी होती: गुप्ती आणि छागल. निजामाच्या अमदानीत तयार झालेल्या इंग्रजी गॅझेटियरांनीही त्यांची दखल घेतली आहे. गुप्ती म्हणजे काठीच्या पोटात दडवलेले पाते. तिचा आपल्या विषयाशी संबंध नाही. छागल म्हणजे प्रवासात पाणी नेण्याची कातड्याची पिशवी. उन्हाळ्यात बैलगाडीला टांगली म्हणजे पाझरता पाझरता आतले पाणी गार करणारी. तिच्यासाठी कातडे कमावण्याची देशी रीत अशी होती की, चुन्यातून काढून केस खरवडलेले कातडे वाखाने शिवून त्याची मोठी थैली करावयाची, ती थैली झाडाच्या फांदीला किंवा तिकाटण्याला टांगावयाची, तीत बाभळीच्या सालीचा कुटलेला चुरा भरावयाचा आणि वरून त्याच सालीचा लालसर काढा ओतीत राहावयाचे. काढा कातड्यातून थेंबथेंब खालच्या नांदीत गळे. तोच पुन्हा वर ओतला जाई. काही दिवसांनी थैली उलटी करून दुसरे तोंड वर घेत, म्हणजे मानेकडचा आणि पाठीकडचा भाग सारखा मुरावा. बाभूळ नसेल तेथे तरवडाची साल चाले; माळावरचा पिवळ्या फुलांचा तरवड त्या कामी अजूनही जुन्या लोकांना आठवतो.

बाभळीवाचून हा धंदा एक दिवस चालला नसता. आणि केवळ हाच नव्हे. नांगर, कुळव, पाभर, गाडीच्या चाकाचा तुंबा, आरे आणि पुठ्ठे, तेलघाण्याची लाट, मोटेच्या विहिरीवरचे लाकूडकाम, शेताच्या कुपाट्या आणि शेळ्यांचा उन्हाळी चारा हे सारे त्या एका काटेरी झाडाच्या जिवावर चाले. सुताराने किंवा कातडे कमावणाराने अमुक इतक्या बाभळी लावाव्यात असा हुकूम कोणत्याही दप्तरात नव्हता, कारण बांधावरची बाभूळ राखण्यात शेतकऱ्याचा आणि ती विकत घेण्यात कारागिराचा रोकडा स्वार्थ गुंतलेला होता. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्याच कारागिराला गावाच्या वेशीबाहेर ठेवणारी समाजरचना त्या बाभळीइतकीच जुनी होती, आणि पुढे कापसाला भाव येऊन सरकी काढण्याचे व गठ्ठे दाबण्याचे कारखाने मराठवाड्यात निघाले तेव्हा बाष्पयंत्रांखाली लाकूडही जळालेच. माझे म्हणणे एवढेच की, तेव्हाचा उद्योग आणि तेव्हाचे झाड यांच्यामध्ये एक हकदार उभा होता. झाड मेले तर कोणाचे तरी नुकसान होत होते आणि त्याला ते त्याच दिवशी कळत होते.

राज्यकर्त्यांनाही हे अवगत होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५च्या सुमारास, आरमारासाठी लाकूड कोठून व कसे आणावे याचे जे प्रकरण आहे, ते मोठ्या बांधकामाची गरज आणि झाडांचे रक्षण यांचा मेळ घालण्याचा मराठीतला बहुधा सर्वांत जुना लिखित प्रयत्न असावा. सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे, अधिक लागल्यास परमुलखातून खरेदी करावे. आंबा-फणसाचे लाकूड जहाजास उपयोगी असले तरी त्यास हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेलेच असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन मग न्यावे, असा त्यातला विचार आहे. जहाजबांधणी हा त्या काळचा सर्वांत अवजड उद्योग, आणि त्याच्या गरजेपुढे रयतेच्या आंब्याचा हक्क मोडू नये हे शासनाने लिहून ठेवले. किती झाडे लावावीत याचा आकडा तेथे नाही. झाड कोणाचे, हे मात्र स्पष्ट आहे.

बीडवर अंमल निजामाचा. सालारजंगाच्या कारकिर्दीत जिल्हाबंदी झाली, अव्वल तालुकदार, तहसीलदार, आबकारी, जंगलात अशी खाती उभी राहिली, आणि झाडाकडे पाहण्याची दृष्टी मुख्यत्वे महसुलाची झाली. शिंदीच्या झाडावर आबकारीचा हक्क. सरकारी जमिनीवरच्या आंबा-चिंचेच्या बहराचा लिलाव. मक्तेदाराने पैसे मोजलेले असत, म्हणून मोहोर धरल्यापासून फळ उतरेपर्यंत तो राखणदार बसवी, आणि राखणदाराच्या भयाने फांद्याही वाचत. ही महसुली दृष्टी कोरडी होती खरी, परंतु तिच्यात झाडाला वर्षातून एकदा तरी कोणी तरी मोजीत होते, आणि मोजणी वाचलेल्या झाडाची होती, लावलेल्याची नव्हे. पाणी असेल तेथे गोष्ट निराळी. बीडच्या खजाना विहिरीचे पाणी, जी अहमदनगरच्या निजामशाहीतल्या सलाबतखानाने १५८२च्या सुमारास राजा भास्कर नावाच्या जाणकाराकडून बांधून घेतली असे सांगतात, ते जमिनीखालच्या नहरीतून बलगुजार भागातल्या मळ्यांना मिळे, आणि तेथे झाडांची वाण नसे. उरलेला जिल्हा आभाळाकडे पाहून जगला.

सप्टेंबर १९४८मध्ये संस्थान भारतात आले, १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात, १९६०मध्ये महाराष्ट्रात. १९६१च्या कायद्यान्वये औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले. परंतु बीड जिल्ह्यातला खरा अजस्र उद्योग महामंडळाच्या वसाहतीत आला नाही. तो विद्युत मंडळाने परळीला उभा केला.

परळी हे वैद्यनाथाचे क्षेत्र. डोंगरउतारावरच्या देवळाचा जीर्णोद्धार अहल्याबाई होळकरांनी केला. आणि ज्या डोंगराच्या कुशीत ते आहे तो दिव्य वनौषधींनी भरलेला होता, म्हणून देवाला वैद्यांचा नाथ म्हणतात, अशी स्थलपुराणाची श्रद्धा. त्या औषधींच्या डोंगराच्या पायथ्याशी दगडी कोळशाचे वीजकेंद्र यावे हा योगायोग काही कमी विलक्षण नाही. आगगाडीने कोळसा आणता येई, मराठवाड्यास विजेची निकड होती, आणि मागासलेल्या भागाला एक मोठा उद्योग द्यावा असा राजकीय आग्रहही होता. तीस-तीस मेगावॉटचे पहिले दोन संच १९७१-७२मध्ये सुरू झाले. म्हणजे ज्या वर्षी दुष्काळामुळे या जिल्ह्यातली माणसे खडी फोडावयास आणि पाझर तलावांच्या मातीकामावर घराबाहेर पडली, त्याच वर्षी. पुढे १९८०, १९८५ आणि १९८७ या वर्षी २१० मेगावॉटचे तीन संच, आणि एकविसाव्या शतकात २००७, २०१० व २०१६ साली २५० मेगावॉटचे तीन, अशी वाढ होत गेली. पहिले पाच संच उभे राहिले तेव्हा पर्यावरणीय परवानगी कायद्याने बंधनकारक नव्हती. परिणाम-मूल्यांकनाची पहिली केंद्रीय अधिसूचना २७ जानेवारी १९९४ची, तिची सुधारलेली आवृत्ती १४ सप्टेंबर २००६ची. तिच्याखाली मोठ्या उद्योगास परवाना देताना आवाराचा तिसरा हिस्सा हरित पट्ट्याखाली ठेवण्याची शर्त रूढ झाली. औष्णिक केंद्रांच्या परवान्यांत तर हेक्टरी अडीच हजार झाडे आणि शेकडा ऐंशी जगलेली, असा आकडाही येऊ लागला.

ही शर्त का आली, हे परळीला कोणास समजावून सांगावे लागत नाही. आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण मोठे. ढोबळ मानाने तीन वाघिणी कोळसा जाळला की एक वाघीण राख उरते. तिची जड राख पाण्यात कालवून नळांवाटे दादाहरी वडगावच्या तळ्याकडे लोटली जाते. पाणी आटले म्हणजे पिठासारखी बारीक, करडी धूळ मोकळी होते आणि फाल्गुन-चैत्राच्या वाऱ्यावर चढते. त्या बाजूच्या रस्त्यालगतचा एखादा कडुनिंब उन्हाळ्यात जवळून पाहावा. नवी पालवी तांबूस, लकाकती असावयाची. ती फुटताच तिच्यावर करडा लेप बसतो. पानावरून बोट ओढले तर खालचा हिरवा रंग रेघेएवढाच उघडा पडतो. पहाटेच्या दवाने हा लेप भिजतो, उन्हाने सुकतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याची पातळ खपली होते. पानाच्या श्वासाची छिद्रे बहुतेक खालच्या अंगास असतात, म्हणून निंब तग धरतो. पण वाढ खुंटते आणि मोहोर झडतो. हरित पट्ट्याने अडवावयाची ती हीच धूळ. झाड येथे शोभेची वस्तू नाही, ते गाळणे आहे, आणि गाळणे चोंदले तर पावसाने धुऊन निघावे ही त्याची एकमेव दुरुस्ती. पाऊस तर हा असा!

आणि पाणी. औष्णिक केंद्र म्हणजे कोळशाइतकेच पाणी खाणारे यंत्र. केंद्र सरकारने २०१५च्या डिसेंबरात जुन्या केंद्रांसाठी जे मान ठरविले ते दर मेगावॉट-तासामागे साडेतीन घनमीटरांचे. त्या मानाने अडीचशे मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने दिवसभर चालला तर दोन कोटी दहा लाख लिटर पाणी जिरवतो. परळीचे पाणी गोदावरीवरच्या, सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून येते आणि त्या बंधाऱ्याला वरच्या धरणांची कृपा लागते. फेब्रुवारी २०१३मध्ये पाण्यावाचून सारे केंद्र बंद पडले. २०१५च्या जुलैत, म्हणजे ऐन पावसाळ्यात, तीच पाळी पुन्हा आली. कोट्यवधी रुपयांच्या यंत्राला जेथे पाणी मिळत नाही तेथे आवारातल्या दोन फुटी रोपाची वर्णी कितव्या क्रमांकावर लागणार, हे सांगण्यास तज्ज्ञ नको. हेक्टरी अडीच हजारांचा आकडा ज्यांनी लिहिला त्यांनी रोपे मोजली. बंधारा मोजला नाही. दहा हेक्टरांचे साधे आवार धरले तर तिसऱ्या हिश्शात आठ हजारांहून अधिक रोपे येतात. एका रोपाला एका खेपेस दहा लिटर म्हटले तरी दर पाळीला दहा हजार लिटरचे आठ टँकर लागतील. आणि मार्च ते जून या काळात बीड जिल्ह्यात टँकर झाडाच्या दारात उभा राहिलेला पाहून शेजारच्या वस्तीवरच्या बाईला काय वाटेल, तेही हिशेबात धरले पाहिजे.

त्याच दहा हेक्टरांना औद्योगिक वसाहतीच्या पट्ट्याची शर्त लावली तर पाचशे झाडे, अधिक रस्त्याकडची काही, एवढ्यावर काम भागते. दोन सरकारी कागदांत सोळापट अंतर! अर्थात परवानगीची शर्त मोठ्या व उपद्रवी उद्योगांनाच लागू, आणि पट्ट्याची शर्त भूखंड घेणाऱ्या सर्वांना. तरीही त्यातल्या त्यात पाचशेची शर्तच मला शहाणपणाची वाटते, कारण ती निदान पाळण्याजोगी आहे. ती तरी पाळली का जात नाही, याची कारणे कारखानदाराच्या तोंडून ऐकावीत. ती सारीच लबाडीची नसतात. इमारतीभोवती सोडावयाची मोकळी जागा हीच अग्निशामक बंबाच्या फेऱ्यासाठीही राखावी लागते, तीतूनच मालमोटारी वळतात, तिच्याखालूनच पाण्याच्या टाक्या आणि विजेच्या तारा जातात. त्यात जमीन काळी असली तर मोठे झाड भिंतीजवळ लावण्यास स्थापत्यविशारद स्वतःच मनाई करतो. काळी माती ओल धरली की फुगते, सुटली की आकसते, आणि निंबा-पिंपळाची मुळे पायाखालची ओल ओढू लागली म्हणजे भिंतीला तडा जातो. मग उरतो तो अशोकाचा उभा, अरुंद प्रकार किंवा बाटलीच्या आकाराचा शोभेचा ताड. कागदावर झाड ते झाडच. त्याखाली मजुराने भाकर सोडून बसावे एवढी सावली मात्र पडत नाही.

अशी शर्त घालणारे आपणच पहिले नव्हे. जपानने १९७३ साली आपल्या कारखाने-स्थापनेच्या कायद्यात मोठ्या कारखान्याच्या आवाराचा पाचवा हिस्सा हिरवा ठेवण्याचा दंडक घातला, आणि त्याच सुमारास अकिरा मियावाकी या वनस्पतिशास्त्रज्ञाने ओइता येथील पोलादाच्या कारखान्याभोवती स्थानिक जातींची दाट लागवड करून दाखविली. त्यांच्या नावाची पद्धत आता आपल्याकडेही वरचेवर कानी येते. ओइताला पाऊस बीडच्या दुपटीहून अधिक पडतो, हे तिची शिफारस करताना कोणी फारसे बोलत नाही.

साखर कारखान्यांची गोष्ट थोडी वेगळी आणि थोडी उत्साहजनक. गढीचा जयभवानी, तेलगावचा माजलगाव कारखाना, पांगरीचा वैद्यनाथ, अंबाजोगाईचा अंबासाखर, अशी ही मालिका जिल्ह्यात उभी राहिली. उसाच्या वजनात शेकडा सत्तरच्या आसपास पाणीच असते. रस आटवताना त्याची वाफ होते आणि ती निवून पुन्हा हाती येते. म्हणजे जो उद्योग शिवाराचे पाणी सर्वांत अधिक ओढतो म्हणून आपण त्याला बोल लावतो, तोच आपल्या आवारातले झाड स्वतःच्या पाण्यावर पोसू शकतो, आणि गळिताचा हंगाम चालू असेपर्यंत काही ठिकाणी पोसतोही. मात्र हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. कारखाना आजारी पडला तर दोन-दोन वर्षे बॉयलर पेटत नाही. आणि ज्यांच्या कोयत्यावर हे सारे चालते ती बीडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीनंतर जी घर सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गावातली रोपे ज्या महिन्यांत पाण्यावाचून मरू लागतात त्या महिन्यांतच पाणी घालणारे हात परमुलखात असतात, हा या जिल्ह्याचा खास भोग आहे.

कायद्याची दुसरी बाजू तोडीची. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम १९६४चा. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ, बिजा, हळदू आणि तिवराची खारफुटी अशी सोळा नावे आहेत. ही यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सह्याद्री आणि समुद्रकिनारा होता. ज्या मुलखाचे झाड बाभूळ, निंब आणि वड हेच, त्याला तीत स्थान नाही. नागरी क्षेत्रासाठी १९७५चा कायदा निराळा, त्याला २०२१मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा-वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावावीत असे ठरले. कल्पना न्याय्य आहे. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गाचे चौपदरीकरण मात्र त्याआधीच बीड जिल्ह्यातून पार झाले होते.

त्या जुन्या रस्त्याच्या कडेचे वड आणि चिंचा ज्यांनी पाहिल्या त्यांना त्यांच्या बुंध्यावरचे पट्टेही आठवतील: खाली गेरू, मधे चुना, वर पुन्हा गेरू, आणि चुन्याच्या पांढऱ्यावर काळ्या रंगात बांधकाम खात्याचा क्रमांक. पट्टे रंगविणारा मैलकुली असे. आपल्या वाट्याच्या मैलातली साइडपट्टी भरणे, खड्डे बुजविणे आणि उन्हाळ्यात रोपांना पाणी घालून भोवती बाभळीच्या काट्या रोवणे ही त्याची चाकरी. ज्या मैलातले रोप मेले त्या मैलाच्या माणसाला मुकादम जाब विचारी. पुढे कामे ठेक्याने देण्याची रीत आली, मैलकुलीची जागा भरेनाशी झाली, आणि रस्ता रुंद करण्याची वेळ आली तेव्हा त्या क्रमांकांचा उपयोग तोडीची यादी करण्यास फार सोयीचा झाला. बदली लागवडीत दुभाजकावर कण्हेर आणि बोगनवेल लागली. ती फुलते छान.

लावण्याचा उत्साह सरकारकडे कधीच कमी नव्हता. १९५०मध्ये कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला. १९८२मध्ये राज्यात सामाजिक वनीकरणाचे खाते निघाले. २०१६पासून २०१९पर्यंत दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी, तेहतीस कोटी असे लागवडीचे आकडे चढत गेले. १३ व १४ फेब्रुवारी २०२० रोजी बीडजवळच्या पालवणच्या डोंगरावर, जेथे अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईने वनखात्याच्या जमिनीवर झाडे वाढवावयास घेतली होती, तेथे चक्क वृक्षसंमेलन भरले आणि अध्यक्षपद वडाच्या झाडाला देण्यात आले. साहित्यसंमेलनाचे अध्यक्षीय भाषण ऐकण्याचा ज्यांना अनुभव आहे त्यांना या निवडीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पालवणची गोष्ट मला मोलाची वाटते ती संमेलनामुळे नव्हे. त्या डोंगरावर रोज जाणारी, पाणी घालणारी आणि वणव्याच्या दिवसांत जागी राहणारी माणसे आहेत, ही तिथली खरी मिळकत.

कोणी न लावता जगणारे बालाघाटाचे खरे झाड म्हणजे सीताफळ. शेळी त्याचा पाला खात नाही, मुरमात ते रुजते, दुष्काळात पाने गाळून निपचित पडते आणि मृगानंतर पुन्हा फुटते. धारूर, अंबाजोगाईच्या डोंगरांतून दसऱ्याच्या सुमारास टोपल्याच्या टोपल्या खाली उतरतात. २०१६मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. ते टिकले ते काटकपणाने खरे, पण वेचून बाजारात नेणाऱ्या बाईचा त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा वहिवाटीचा हक्क होता, म्हणूनही टिकले.

हाच हक्क कारखान्याच्या आवारातल्या झाडाला जोडता येईल काय, याचा विचार महामंडळाच्या आणि पर्यावरण खात्याच्या दप्तरी व्हावयास हवा. आज आवारातल्या झाडाला मालक आहे, निरीक्षक आहे, ठेकेदार आहे, हकदार नाही. हरित पट्ट्याचा बाहेरचा पदर शेजारच्या गावातल्या बचतगटाकडे पाणी घालण्याच्या मजुरीसह सोपवावा, उत्पन्न त्यांचे असावे, आणि ऐंशी टक्क्यांची गणती कारखान्याच्या कारकुनाऐवजी ग्रामसभेसमोर व्हावी, असे करता येण्यास कायद्याची आडकाठी मला तरी दिसत नाही. आक्षेप येईल की, राखेच्या वाऱ्यात वाढलेले फळ माणसाने खाऊ नये. तो बरोबर आहे, म्हणून तेथे सीताफळ आणि आंबा नको, निंब हवा. निंबोळी कोणी खात नाही, ती तेलाला आणि खताला जाते, व्यापारी ती गावात येऊन मापाने नेतो, आणि ज्येष्ठ-आषाढात, ऊसतोडीहून परतलेल्या बायका घरी असतात तेव्हाच ती पिकून खाली पडते.